बर्लिनला निघण्याआधी मुलीच्या किटाचं, म्हणजे पाळणाघराचं बघा

तुम्ही विचारलंय की मुलगी अडीच वर्षांची, दोघांनाही नोकरी करायचीय, तर आत्ता हिंजवडीला जाताना तिला कोथरूडच्या पाळणाघरात सोडता तसं बर्लिनमध्ये जमेल का? जमेल. पण आज चौकशी केली आणि सोमवारपासून पाठवलं, असं इथे होत नाही.

जर्मनीत वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला 1 ऑगस्ट 2013 पासून किटात किंवा टागेसमुटरकडे (घरच्या घरी थोडी मुलं सांभाळणारी बाई) जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. बर्लिनमध्ये किटाला फी नाही, जेवणाचे महिना 23 युरो. मात्र आधी युगेंडाम्टकडून (मुलांसाठीचं सरकारी कार्यालय) किटा-गुटशाइन, म्हणजे किटाच्या जागेसाठीचं सरकारी व्हाउचर काढावं लागतं. रोज किती तास मिळणार, हे तुमच्या दोघांच्या कामाच्या वेळांवरून ठरतं. जागा तुम्हालाच शोधावी लागते. घराचा पत्ता नोंदवला की लगेच अर्ज करा आणि आसपासच्या सगळ्या किटांना मेल करा, फोन करा, उत्तर नाही आलं तर पुन्हा करा. टागेसमुटर एका वेळी जास्तीत जास्त पाच मुलं सांभाळते. जर्मन न येणारं मूल अशा छोट्या गटात लवकर रुळतं, असं मला वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आइनगेव्योनुंग, म्हणजे मुलाला किटात हळूहळू रुळवणं. सुरुवातीला आई किंवा बाबांनी किटात मुलासोबत बसायचं, मग थोडा वेळ बाहेर जायचं, मग अर्धा तास, असं हळूहळू वाढवायचं. यात दोन ते चार आठवडे सहज जातात, फक्त मराठी बोलणाऱ्या मुलीला जास्तही लागतील. रडणारं मूल दारातून आत घेऊन ‘जा तुम्ही, होईल शांत’ म्हणण्यापेक्षा मला ही पद्धत कितीतरी बरी वाटते. पण म्हणूनच दोघांनी एकाच तारखेला रुजू होऊ नका. ऑफर स्वीकारण्याआधीच एकाची तारीख पुढे ढकलून घ्या.

आजीच्या भरवशावर वर्षाचं गणित मांडू नका. भेटीच्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. ते दिवस किटातल्या पहिल्या हिवाळ्यासाठी राखा, कारण तेव्हा मुलं सारखी आजारी पडतात आणि तापातल्या मुलाला किटा घेत नाही. सरकारी आरोग्यविम्यात असाल तर मुलाच्या आजारपणासाठी दोघांनाही रजा मिळते, 2024 पासून प्रत्येकी वर्षाला 15 दिवस. तीही पुरवून वापरावी लागते.

आणि लसीकरणाचं कार्ड सामानात नको, हातातल्या बॅगेत ठेवा. दोन वर्षांवरच्या मुलाच्या गोवराच्या दोन डोसांचा पुरावा दाखवल्याशिवाय किटात प्रवेश नाही. एखादा डोस राहिला असेल तर पुण्यातच देऊन घ्या.