टिबियाचं (नडगीच्या हाडाचं) नेलिंग: वाटीखालून की वरून?

चिपळूणला रुजू झालास, म्हणजे पावसात घाटात घसरलेल्या मोटरसायकलवाल्यांचे पाय तुझ्याकडे येणारच. हाडाच्या पोकळीत सळी (नेल) घालताना, मध्यभागी साधं फ्रॅक्चर असेल तर मी अजूनही गुडघ्याच्या वाटीखालूनच जातो. हात बसलाय, शिवाय वरून जायला लागणारी लांब स्लीव्ह (सांध्याला जपणारी नळी) आपल्याकडच्या सेटमध्ये दर वेळी सापडेलच असं नाही. आदल्या संध्याकाळी ट्रे स्वतः उघडून बघ.

वरच्या तिसऱ्या भागाचं फ्रॅक्चर मात्र फसवतं. गुडघा वाकवला की पटेलर टेंडन (वाटीखालचा कंडरा) वरचा तुकडा ओढतो, हाड पुढे कमानतं आणि व्हॅल्गसमध्ये जातं, म्हणजे खालचा भाग बाहेर वळतो. सुरुवातीला मी असाच एक पाय वाकडा बसवला. तो खलाशी होडीवर चढताना कसा पाऊल टाकायचा, ते अजून डोळ्यांसमोर आहे. आता तिथे पाय जवळजवळ सरळ ठेवून वाटीच्या वरूनच जातो. तरीही कल दिसला तर वरच्या तुकड्यात पोलर स्क्रू (नेलला अडवून नीट वाटेवर ठेवणारा) टाक: व्हॅल्गसला बाहेरच्या बाजूला, कमानीला मागे.

एंट्रीची, म्हणजे नेल आत शिरायच्या जागेची, घाई नको. समोरच्या एक्स-रे फोटोत बाहेरच्या टिबियल स्पाइनच्या (हाडाच्या माथ्यावरच्या उंचवट्याच्या) किंचित आत, बाजूच्या फोटोत सांध्याच्या अगदी पुढच्या कडेवर. वाट दाखवणारी वायर इथे चुकली की पुढचं सगळं चुकतं.

बंद (जखम नसलेल्या) फ्रॅक्चरला मी रीमिंग करतोच, म्हणजे नेलआधी पोकळी कोरून रुंद करतो; तेही टूर्निके (रक्त अडवणारा मांडीचा पट्टा) न फुगवता.

भातलावणीला उतरणाऱ्यांना गुडघे टेकताना पुढे दुखू शकतं, हे ऑपरेशनआधीच सांग. आणि पहिल्या रात्री पायाची बोटं ताणल्यावर कुणी कळवळलं, तर पोटरीच्या स्नायूंत दाब वाढत असेल (कंपार्टमेंट सिंड्रोम); फोनवर गोळी सांगू नकोस, उठून जा.