ऑपेरा गायिका हॉस्पिसची पेट्रन असते म्हणजे नेमकं काय करते?

तुम्ही विचारलंय की तुमच्या गावात पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात दुखणं कमी करून सांभाळण्याचं काम करणारी एक छोटी ट्रस्ट आहे, एका गायिकेला पेट्रन, म्हणजे संस्थेला आपलं नाव देणारी आश्रयदाती, व्हाल का म्हणून विचारायचं चाललंय, आणि इंग्लंडमध्ये ऑपेरा गायक असे लोकल हॉस्पिसचे (बरं न होणाऱ्या आजारात पेशंटला सांभाळणाऱ्या जागेचे) पेट्रन असतात तर ते खरंच काही करतात की लेटरहेडवर नाव तेवढं. मी मूळची सांगलीची, 14 वर्षं झाली इंग्लंडच्या उत्तरेला लँकशरमध्ये राहते आणि त्यातली 9 वर्षं एका हॉस्पिसमध्ये हेल्थकेअर असिस्टंट आहे. आमच्या पेट्रन एक सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या ऑपेरा गायिका आहेत, इथल्याच जवळच्या गावातल्या. नाव लिहीत नाही कारण त्यांना न विचारता लिहिणं बरोबर नाही, पण जे डोळ्यांनी बघितलंय ते सांगते.

कायद्याचं आधी उरकते. पेट्रन म्हणजे ट्रस्टी नव्हे. ट्रस्टींवर पैशांची, कारभाराची जबाबदारी असते, पेट्रनवर तसं काही नसतं, मतही नसतं आणि मानधनही नसतं. म्हणून लोकांना वाटतं की शोभेचं पद आहे.

आता पैशाचं बघा. इथल्या हॉस्पिसमध्ये पेशंटला एक पैसा पडत नाही, पण सरकारकडून साधारण एक तृतीयांशच खर्च मिळतो, बाकीचं सगळं लोकांकडून, म्हणजे जुन्या कपड्यांची दुकानं, मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमा, रात्रीचे वॉक, केक विकणं, असं गोळा करावं लागतं. देणारा टॅक्स भरणारा असेल तर एका पौंडामागे सरकार वर 25 पेन्स देतं. आमच्या बाई वर्षातून एकदा चर्चमध्ये कॉन्सर्ट करतात, फी घेत नाहीत, आणि तिकीट काढून येणारे निम्मे लोक असे असतात की ज्यांनी आयुष्यात ऑपेरा ऐकलेला नाही, ते येतात कारण ही आपल्या गावची मुलगी. बरं, पैशाइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्या संध्याकाळी 'हॉस्पिस' हा शब्द लोक न घाबरता ऐकतात. एरवी इथेही लोकांना वाटतं की तिथे माणसाला मरायला नेतात, म्हणून फार उशिरा येतात, शेवटच्या दोन दिवसांत, आणि जे दुखणं महिनाभर आधी आटोक्यात आलं असतं ते उगाच सोसलेलं असतं. माझ्या बाबांचं असंच झालं, सांगलीला, आयसीयूत, आणि दुखणं कमी करणारं एक वेगळं वैद्यकशास्त्र आहे हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले ते त्यामुळेच.

इथल्या लोकांना गायिका आणि कॅन्सर हे नातं नवीन नाही. कॅथलीन फेरिअर ही प्रेस्टनजवळच्या हायर वॉल्टनची, 1912 चा जन्म, ब्लॅकबर्नच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि पुढे जगातली मोठी कॉन्ट्राल्टो, म्हणजे खालच्या पट्टीत गाणारी गायिका झाली. 1951 मध्ये ब्रेस्ट कॅन्सर निघाला. फेब्रुवारी 1953 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरा हाउसला एका ऑपेरात ऑर्फियसची भूमिका करत होती, दुसऱ्याच प्रयोगात स्टेजवर मांडीचं हाड मोडलं, जागचं हलता येत नव्हतं तरी गाऊन प्रयोग पुरा केला, आणि तिथून थेट हॉस्पिटल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली, 41 वर्षांची. आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ही गोष्ट तोंडपाठ असते.

मला नेहमी वाटतं ते असं की त्याच वर्षी लंडनमध्ये आजच्या हॉस्पिसची पद्धत सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. आधी नर्स, मग पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सुटलं म्हणून हॉस्पिटलात सोशल वर्कर, आणि मग तिशी उलटल्यावर डॉक्टरकी. 1948 मध्ये कॅन्सरने गेलेल्या डेव्हिड टास्मा नावाच्या एका पोलिश वेटरने त्यांच्या नावे 500 पौंड ठेवले होते, पुढे अशा पेशंटसाठी तू काढशील त्या घरातली एक खिडकी माझी म्हणून. त्या 500 पौंडांभोवती घर उभं राहायला 19 वर्षं लागली, 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. दुखायला लागल्यावर नाही तर दुखायच्या आधीच, घड्याळ लावून मॉर्फिन द्यायचं, आणि दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, घरच्यांचं, पैशाचंही असतं, हे त्यांनी डॉक्टर लोकांच्या गळी उतरवलं. आम्ही रोज जे करतो ते सगळं तिथून आलेलं.

आता आमच्या बाईंचं. डिसेंबरमध्ये बहुतेक हॉस्पिसमध्ये दिव्यांचा एक कार्यक्रम असतो, गेलेल्या माणसाच्या नावाने बागेतल्या झाडावर एक दिवा लावायचा आणि नावं मोठ्याने वाचायची. एका वर्षी मीपण बाबांचं नाव दिलं होतं. नावं वाचणार होत्या बाई. त्या तासभर आधीच आल्या, गळ्याला दोन मफलर, कारण थंडीत गळा उघडा ठेवणं गायकाला परवडत नाही, आणि हातात यादी घेऊन मला शोधत किचनमध्ये. आमच्या भागात गुजराती खूप, त्यामुळे यादीत आपल्याकडची बरीच नावं होती, ती एकेक करून माझ्याकडून म्हणवून घेतली. आमच्या आडनावात 'ळ' आहे. इथे 14 वर्षांत कोणालाच तो नीट जमला नाही आणि मीही सांगायचं सोडून दिलं होतं. त्यांनी विचारलं, जीभ नेमकी कुठे लागते? मी तोंड उघडून दाखवलं. त्यांनी सहा-सात वेळा म्हटलं, मग यादीवर पेन्सिलने त्या अक्षराखाली एक बाकदार रेघ काढली, जीभ मागे वळते याची खूण, इटालियन-जर्मन गाताना स्वरलिपीवर करतात तशी. आणि बागेत, अंधारात, बाबांचं नाव अगदी बरोबर घेतलं. मी चहाच्या टेबलामागे उभी होते, मला काही बोलता आलं नाही.

वॉर्डात त्या गातात का, हे सगळे विचारतात. क्वचित. आधी नर्सला विचारतात, मग पेशंटला. एकदा एका आजोबांनी सांगितलं, आज नको, झोपायचंय. ठीक आहे म्हणाल्या, आणि बाहेर त्यांच्या बायकोजवळ जाऊन बसल्या पाऊण तास. त्या आजी नवऱ्याचा चष्मा पर्समधून काढायच्या, पुसायच्या, परत ठेवायच्या. गाण्याचा विषयसुद्धा निघाला नाही, बसचा रूट, मुलगा कधी येणार, असलंच बोलणं चाललं होतं. हे त्यांना जमतं म्हणून मी त्यांना मानते.

तर तुमच्या ट्रस्टसाठी सांगते. ज्यांच्या घरात असं आजारपण येऊन गेलंय असं कोणी गायक-गायिकांत असेल तर आधी त्यांना विचारा, आवाज दुय्यम. तीन वर्षांसाठी विचारा, कायमचं नको, आणि वर्षातून किती वेळा यायचं ते लिहून ठेवा, म्हणजे दोन्हीकडे संकोच राहत नाही. तारखा वर्षभर आधी द्या कारण त्यांची डायरी भरलेली असते, आणि सर्दी झाली तर त्या येणार नाहीत, येऊही नये, आमच्या पेशंटना साधी सर्दीसुद्धा झेपत नाही. फोटोग्राफर वॉर्डात अजिबात नको. कॉन्सर्टचा हिशोब महिन्याभरात त्यांना नेऊन दाखवा, त्यांनी नाव दिलंय म्हणजे लोक त्यांनाच विचारणार पैसे कुठे गेले.

आणि विचारायच्या आधी तुम्ही स्वतः एकदा मुंबईला वांद्र्याचं शांती आवेदना सदन (1986 पासून आहे, भारतातलं पहिलं हॉस्पिस) किंवा पुण्याला वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर, 1997 चं, बघून या, परवानगी घेऊन. नंतर तुमच्या गायिकेला पहिल्यांदा बोलवाल तेव्हा शाल-श्रीफळ, भाषण काही ठेवू नका. दुपारी तीनच्या सुमारास बोलवा, पेशंटची जेवणं, औषधं झालेली असतात आणि घरची माणसं यायला लागतात. चहा तिथल्याच किचनमध्ये द्या, सगळ्यांबरोबर.