वावर ट्रस्टमध्ये, विश्वस्त परदेशात: जमतं का?

गड्या, तू लिहिलंस की बाबा दारव्ह्याजवळचं सहा एकर वावर नि राहतं घर तुझ्या बौद्धिक दिव्यांग भावासाठी ट्रस्टमध्ये टाकणार, म्हणजे नाव विश्वस्ताचं पण फायदा भावाचा, विश्वस्त तू, आणि तू निघालास नेदरलँड्सला. तिकडे हा ट्रस्ट मानतात का, कायदा कोणता लागेल?

मानतात. डच कायद्यात आपल्यासारखा ट्रस्ट नाहीच, पण १९८५ चा हेगचा ट्रस्ट करार, म्हणजे एका देशातला ट्रस्ट दुसऱ्या देशाने कसा मानायचा हे सांगणारा आंतरराष्ट्रीय करार, त्यांनी स्वीकारलाय. भारत त्यात नाही, तरी सहसा अडत नाही. ट्रस्ट करणाऱ्याने आपखुशीने केलेला आणि लेखी असला पाहिजे. मानण्याचा फायदा एवढाच, पण मोठा: वावर विश्वस्ताच्या खासगी मालमत्तेत धरत नाहीत. उद्या तिकडे तुझं कर्ज थकलं तर देणेकऱ्याला भावाच्या वावरावर हात टाकता येत नाही.

कायदा बाबा निवडतील तो. काहीच लिहिलं नाही तर कारभार कुठून चालतो, मालमत्ता कुठे, विश्वस्त राहतो कुठे, ट्रस्टचा हेतू कुठे पुरा व्हायचा, हे सगळं बघत बसतात. कशाला ती झंझट? ‘या ट्रस्टला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू राहील’ एवढी ओळ दस्तात टाकून घ्या.

पण खरी अडचण हेगला नाही, इकडेच आहे, आणि ती तू विचारलीच नाहीस. याच १८८२ च्या कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे विश्वस्त सलग सहा महिने देशाबाहेर राहिला किंवा राहायलाच परदेशी गेला, तर त्याच्या जागी दुसरा नेमता येतो. म्हणजे तू विमानात बसलास की एखादा नाराज काका ते कलम पुढे करू शकतो. माझं स्पष्ट मत, विश्वस्त तू होऊ नकोस. गावात राहणारी, हिशेब लिहिणारी बहीण असेल तर तिला कर, जोडीला आणखी एक जण. तू परदेशातून हिशेब मागणारा राहा, दस्तात तसा हक्क लिहून घे.

वावराचं म्हणशील तर हेग तिथे शिरतच नाही. ते विश्वस्ताच्या नावे कसं चढायचं हे इथलाच कायदा ठरवतो. बाबा हयातीत करत असतील तर दस्त लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नाहीतर मृत्युपत्रातून करता येतो. विदर्भाला १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे, त्याच्या कलम ८९ मुळे शेतकरी नसलेल्याच्या नावे वावर करायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून विश्वस्ताच्या स्वतःच्या नावचा सातबारा आहे का ते आधी पाहा. फेरफार झाला की तलाठ्याकडून नवा सातबारा काढून नावापुढे ‘विश्वस्त’ लागलंय ना, हे डोळ्यांनी बघ. नुसतं नाव चढलं तर पुढच्या पिढीला ते मालकच वाटतात. वावर मक्त्याने दिलं तर मक्त्याचे पैसे ट्रस्टच्या खात्यातच जमा व्हावेत, कोणाच्या खिशात नको.

दवाखान्यात सही करायला मात्र ट्रस्ट कामाचा नाही. भाऊ अठराच्या वर असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्या.

शेवटचं, कर. डच करखातं अशा ट्रस्टची मालमत्ता साधारणपणे ट्रस्ट करणाऱ्याची धरतं, आणि तो वारला की वारसांची. वारसात तूही येतोस. तिकडे पहिलं विवरणपत्र भरण्याआधी दस्ताचं इंग्रजी भाषांतर तिथल्या कर सल्लागाराला दाखव.