लिहिणारा एक, गाणारा एक : अण्णाभाऊ-अमर शेखांचं कसं जमलं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला बघ. तू लिहितोस, दोस्त गातो, खानापूरकडं दोन-तीन जत्रा चांगल्या झाल्या आणि आता बॅनरवर पहिलं नाव कुणाचं यावरनं बोलणं बंद. वर विचारालास की अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख या जोडीचं कसं जमलं होतं. मी बरीच वर्षं झीलकरी म्हणून, म्हणजे शाहिराच्या मागं सूर धरणारा म्हणून, उभा राहिलोय, नंतर लिहायला पण लागलो, म्हणून दोन्हीकडची दुखणी माहीत आहेत.

आधी एक, ते दोघं नव्हते, तिघं होते. १९४४ साली लाल बावटा कलापथक निघालं त्यात शाहीर द. ना. गवाणकर पण होते, त्यांचं नाव कोण घेतंय आज? तर नावाचं असं असतंय.

अण्णाभाऊ वाटेगावचे, शाळा जवळजवळ नाहीच, मुंबईला गिरणीत राबलेले. अमर शेख बार्शीचे, मोटारीवर क्लीनरचं काम केलेले. एकाच्या हातात शब्द, दुसऱ्याचा पहाडी गळा. आता 'माझी मैना' घे, आपल्या भागात पोराटोरांना पण माहीत आहे कारण त्यात बेळगावचं नाव येतं. अण्णाभाऊंची छक्कड (लावणीचाच एक प्रकार), पण संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधनं ती गाजवली अमर शेखांनी, त्यामुळे आमचा काका शेवटपर्यंत 'अमर शेखांचं गाणं' असंच म्हणायचा, किती वेळा सांगितलं तरी. गाणं गळ्याच्या नावावर जातं, हे लिहिणाऱ्यानं पहिल्याच दिवशी पचवायचं, नाहीतर जोडी करू नये.

आणि त्यातली बांधणी बघ जरा. सुरुवातीला नुसता घरधनी आहे, बायको गावाकडं ठेवून मुंबईला पोटासाठी गेलेला, तिची आठवण काढालाय. सभेला बसलेल्या निम्म्या कामगारांची हीच गत, ते आधीच हळवे झालेले, आणि मग शेवटाकडं मैना म्हणजे तुटलेला मुलूख होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, ते दुखणं भाषणानं जेवढं पोचलं नसेल तेवढं त्या वळणानं पोचलं. आधीच बेळगाव-कारवार म्हणून ओरडले असते तर एवढं लागलं नसतं असं माझं मत.

आता तुमच्या कामाचं. येळ्ळूरच्या बाजूला एका गावात गणपतीत आमचा कार्यक्रम होता, पाऊस असा की डफ पार उतरलेला, मांडवामागं कागदं पेटवून दोनदा शेकला तरी 'भद् भद्'च वाजालाय. त्यात मी लिहिलेली ओळ होती, 'स्वाभिमानाची घेतली प्रतिज्ञा'. कागदावर झकास! पण द्रुत लयीत आमचा शाहीर त्या 'प्रतिज्ञा'वर अडखळला, दम संपला, आम्ही झील अर्धा ठोका आधी उचलली आणि पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसाय लागली. रात्री गाडीत बसून तीच ओळ 'शपथ वाहिली मातीला' अशी केली. जोडाक्षर गेलं, शेवटचा 'ला' उघडा राहिला, त्यावर तो सूर लांबवू शकतो आणि मागच्यांना 'जी जी रं जी' धरायला जागा मिळते. तेव्हापासनं मी त्याच्यासमोर मोठ्यानं म्हणून दाखवल्याशिवाय ओळ पक्की करत नाही, आणि तो पण मला न विचारता शब्द फिरवत नाही (एकदा फिरवलान् आणि अर्थच उलटा झाला, ते परत कधीतरी).

गोकाक, बैलहोंगलकडची गीगी पदं ऐकलास का कधी? भाषा कन्नड, पण पुढं एक गाणारा आणि मागं 'गीगी' धरणारे, रीत आपलीच. दोघं मिळून एकदा रात्रभर जाऊन बसा, मागचे साथीदार पुढच्याचा श्वास कसा ओळखतात ते नुसतं बघा.

मुंबईच्या त्या दोघांचं पण सगळं गोडच होतं असं समजू नकोस, पुढं अमर शेखांचं स्वतःचं कलापथक झालंच. पण गेले मात्र पाठोपाठ, अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला आणि अमर शेख २९ ऑगस्टला अपघातात.

बॅनरचं म्हणशील तर वरती पथकाचं नाव मोठं घाला, खाली शाहीर अमुक, गीतरचना तमुक, दोन्ही एकाच मापात. आणि ढोलकीवाल्याचं पण घाला रे, त्याला विचारलंस का अजून?