सही केली, म्हणून दाद मागता येत नाही का?

प्रश्न : वडिलांना मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी (मज्जासंस्था हळूहळू निकामी करणारा आजार) आहे. हर्नियाच्या ऑपरेशनआधी न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी सर्जनच्या सहायकाला दिली होती. भूल दिल्यावर बीपी कोसळलं, पाच दिवस आयसीयूत काढले. रुग्णालय म्हणतं, ‘संमतिपत्रावर तुमचीच सही आहे.’ कागदपत्रंही देत नाहीत. काय करू?

उत्तर : सहीची धास्ती आधी सोडा. ‘काहीही झालं तरी आम्ही जबाबदार नाही’ या छापील ओळीआड निष्काळजीपणा लपत नाही. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की उपचार, त्यातले मोठे धोके आणि पर्याय रुग्णाला समजलेले हवेत. आणि वडील पूर्ण शुद्धीत असताना सही तुमची का घेतली, हेही मी विचारेन.

आता कटू भाग. या आजारात बीपी सावरणारी स्वायत्त मज्जासंस्थाच कमजोर झालेली असते. चोख काळजी घेऊनही ते कोसळू शकतं. नुसतं ‘बीपी पडलं’ एवढ्यावर केस उभी राहत नाही. प्रश्न तयारीचा आहे. चिठ्ठी भूलतज्ज्ञापर्यंत पोचली का? धमनीत नळी घालून बीपी सतत बघायचा विचार झाला होता का? बीपी वाढवणाऱ्या औषधाने या रुग्णांचं बीपी कधी अचानक फार चढतं. मग ते बेताबेताने दिलं की एकदम?

भुलीच्या चार्टवर साधारण दर पाच मिनिटांनी बीपीची नोंद असते, शेजारी औषधाची वेळ नि मात्रा. तो चार्ट आणि भुलीआधीच्या तपासणीचा कागद मी सर्वांत आधी मागेन. जुन्या आजारांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम. मात्र चिठ्ठी दिल्याचा पुरावा हवा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला असेल, तर तो चॅट पुसू नका.

कागदपत्रांसाठी आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत मिळायला हवीत. ती हातात आली की त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या भूलतज्ज्ञाला दाखवा; त्यांचं लेखी मत नसेल तर मी तरी तक्रार दाखल करणार नाही.

तक्रार ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. पोलिसांत जायची घाई नको : सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि इथे तो सध्या तरी दिसत नाही.

न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीची मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका, माझ्यासुद्धा.