रडार असूनही सरावात लढाऊ विमाने एकमेकांवर कशी आदळतात?

मुख्य कारण असे की हवाई लढाईच्या सरावात विमानांना एकमेकांच्या जवळ जावेच लागते. प्रवासी विमानांतील टक्करप्रतिबंधक यंत्रणा येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण दाट रचनेत उडताना ती सतत इशारे देत राहील. लढाऊ विमानाचे रडारही प्रामुख्याने पुढच्या दिशेचेच पाहते. बाजूला, मागे किंवा पोटाखाली असलेले विमान त्याला दिसत नाही.

त्यात वेगाची भर पडते. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांचा वेग प्रत्येकी ताशी 900 किलोमीटर असेल, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला 500 मीटरने घटते, म्हणजे तीन किलोमीटरवर दिसलेले विमान सहा सेकंदांत येऊन ठेपते. शिवाय, आणि हे अनेकांना चमत्कारिक वाटते, टक्करमार्गावरील विमान वैमानिकाला काचेवर एकाच जागी स्थिर दिसते. आपली नजर मात्र हालचाल चटकन टिपते, स्थिर ठिपका नाही.

म्हणूनच अमेरिकी हवाई दलाच्या सरावनियमांत विमानांभोवती 500 फुटांचे अंतर राखण्याचे बंधन असते आणि प्रतिस्पर्धी नजरेआड होऊन धोका निर्माण झाल्यास सराव तत्काळ थांबवला जातो. तरीही अपघात घडतात. 28 जानेवारी 2023 रोजी ग्वाल्हेरहून सरावासाठी निघालेली भारतीय हवाई दलाची सुखोई-30 आणि मिराज-2000 ही विमाने कोसळली. सुखोईचे दोन्ही वैमानिक बाहेर पडून वाचले, मिराजच्या वैमानिकाचा मृत्यू झाला.