बालपोटविकारतज्ज्ञाच्या परिचयातील संशोधनाचा रुग्णाला काय उपयोग?

तुम्ही विचारले आहे की, सहा वर्षांच्या मुलीचे पोट वारंवार दुखते आणि वजन वाढत नाही म्हणून तिला ज्या बालपोटविकारतज्ज्ञांकडे पाठवले आहे, त्यांच्या परिचयाची निम्मी जागा फेलोशिप, शोधनिबंध आणि यकृताच्या एका आजारावरील संशोधनाने व्यापलेली आहे. याचा तुमच्या मुलीला काही उपयोग आहे, की प्रयोगशाळेत रमणाऱ्या डॉक्टरपेक्षा केवळ रुग्ण पाहणारा डॉक्टर बरा? मी याच शाखेत काम करतो, त्यामुळे माझे उत्तर थोडे पक्षपाती असणार, हे आधीच मान्य करतो.

प्रशिक्षणाविषयी फार सांगण्यासारखे नाही. भारतात एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, बालरोगशास्त्रातील एमडीची ३ आणि त्यानंतर डीएम या अतिविशेष पदवीची ३ वर्षे, असा हा मार्ग आहे. अमेरिकेत बालरोगशास्त्राच्या ३ वर्षांच्या रेसिडेन्सीनंतर ३ वर्षांची फेलोशिप असते आणि तिचा बराचसा भाग संशोधनासाठी राखलेला असतो. परिचय वाचताना पाहावे ते हे की, हा माणूस आधी बालरोगतज्ज्ञ झाला आणि मग पोटाकडे वळला का. वाढीचा आलेख वाचणे, तान्ह्या बाळात दुर्बीण घालणे आणि तेवढ्याच तपासणीसाठी भूल द्यावी की नाही हे ठरवणे, या गोष्टी प्रौढांचे पोटविकार शिकताना ओघाने येत नाहीत.

संशोधनाचा प्रश्न मात्र सविस्तर उत्तराच्या योग्यतेचा आहे, आणि त्यासाठी या शाखेतील एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. सिलिअक आजारात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते आणि मूल खाऊनही खंगत जाते. हे कारण ठाऊक नव्हते तेव्हा, १९२४ मध्ये, सिडनी हास या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांना केळ्यांचा आहार सुचवला. पाव, बिस्किटे आणि बटाटे वर्ज्य, केळी मात्र हवी तेवढी. मुले खरोखरच सुधारली, त्यामुळे केळ्यात काही गुण असावा असा समज पक्का झाला. गुण होता तो पाव बंद होण्यात. या चुकीच्या कारणमीमांसेची किंमत पुढे मोजावी लागली, कारण मूल बरे झाले असे मानून त्याला पुन्हा गहू दिला जाऊ लागला. नेदरलँड्समधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय १९३० च्या दशकातच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील दुष्काळात पाव मिळेनासा झाला आणि त्याच्या सिलिअकच्या रुग्णांची स्थिती सुधारली. परंतु तेवढ्यावर समाधान न मानता त्याने मुलांचा आहार पद्धतशीर बदलून पाहिला, आणि १९५० मध्ये उट्रेख्टच्या विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. दोघेही रुग्ण पाहणारेच डॉक्टर होते. फरक एवढाच की, एकाने गुण आला यावर विश्वास ठेवला आणि दुसऱ्याने गुण कशाने आला हे तपासले.

प्रशिक्षणातील संशोधनाची वर्षे हीच सवय लावण्यासाठी असतात, असे मला वाटते. शोधनिबंधांची संख्या मला फारशी महत्त्वाची वाटत नाही, कारण वीस जणांच्या यादीत मधोमध नाव असलेले निबंध कितीही जमवता येतात. माझेच उदाहरण देतो. शिकाऊ असताना आठ महिन्यांच्या एका बाळाच्या शीतील कॅलप्रोटेक्टिन वाढलेले पाहून मी दुर्बिणीची तयारी सुरू केली होती. आतड्याला सूज असली की हे प्रथिन वाढते. माझ्या मार्गदर्शकांनी अहवाल हातात घेऊन एकच प्रश्न विचारला: "ही ५० ची मर्यादा कोणाच्या शीवरून ठरवली?" ती मोठ्या माणसांची आणि चार वर्षांवरील मुलांची होती, तान्ह्या बाळांत हे प्रमाण निरोगी असतानाही बरेच जास्त असते. बाळाचे वजन उत्तम वाढत होते आणि दुर्बिणीची गरज नव्हती. हा प्रश्न मला त्या दिवशी सुचला नाही, याची खंत अजून आहे.

यकृतावरील संशोधनामुळे तुमची मुलगी दुर्लक्षित राहील, ही भीती बाळगू नका. या शाखेत यकृत, आतडे, स्वादुपिंड आणि पोषण हे सारे एकत्रच शिकवले जाते. तुमचे मूल दीड महिन्याचे असते, कावीळ उतरत नसती आणि शी पांढरी होत असती, तर मी म्हणालो असतो की यकृताच्याच माणसाकडे आणि आजच जा. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात जपानच्या मोरिओ कासाई यांच्या नावाची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. तुमच्या मुलीच्या तक्रारीसाठी संशोधनाचा विषय जुळण्याची एवढी गरज नाही. पहिल्या भेटीत डॉक्टर जुन्या वजन-उंचीच्या नोंदी मागतात का आणि सांगितलेल्या प्रत्येक तपासणीचा निकाल आल्यावर पुढे काय बदलेल हे समजावतात का, यावरून तुम्हाला पदव्यांपेक्षा अधिक कळेल.

एक गोष्ट मात्र आताच सांगतो. भेटीच्या आधी, करून पाहू म्हणून तिचा गहू बंद करू नका. सिलिअकसाठी रक्तातील टीटीजी अँटिबॉडी (या आजारात वाढणारी प्रतिपिंडे) आणि त्याच वेळी एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) तपासतात, आणि आहारातून गहू काही काळ गेला की या अँटिबॉडी कमी होऊन आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. तो आधीच बंद केला असेल, तर कोणत्या तारखेपासून, ते लिहून सोबत न्या.